पट्टी नसलेलं इंजिन ओळखायचं कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी १९५४ ची मॉरिस मायनर, पुढची काच मधोमध दुभागलेली. इंजिन धूर मारतंय, त्यामुळे रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) आणि पॅकिंगचा संच मागवायचा आहे. पण ब्लॉकवर नंबराची पट्टी असते तिथे नुसती दोन बारीक भोकं आहेत. विकणाऱ्याने इंजिन मूळचंच असल्याचं सांगितलं, तुमचा मेकॅनिक ते १०९८ सीसीचं असल्याचं सांगतो आणि गाडीच्या सालाप्रमाणे पुस्तकात ८०३ सीसी लिहिलंय. मागवायचं कोणत्या मापाचं?

अजून काहीच मागवू नका. तिघांपैकी एकानेही इंजिन मोजलेलं नाही. विकणाऱ्याने ऐकलेलं सांगितलं, मेकॅनिकने अंदाज केला आणि पुस्तक गाडीबद्दल बोलतंय, तिच्यात आज बसलेल्या इंजिनाबद्दल नाही. जुन्या गाडीचं इंजिन ओळखायला बसलात की आधी गाडी विसरायची. बॉनेटखाली जे बिडाचं धूड आहे ते कुठल्याशा अनोळखी गाडीतून काढून टेबलावर ठेवलंय असं समजून त्याच्याकडे बघायचं. मी स्वतः सुरुवातीच्या काळात गाडीच्या सालावरून बेअरिंगचा संच मागवला होता. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उघडल्यावर कळलं की क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, दुसऱ्याच इंजिनाची आहे. ते इंजिन उघडं पडून राहिलं आणि मालकाचा हंगाम वाया गेला. तेव्हापासून मोजल्याशिवाय मी एक वॉशरसुद्धा मागवत नाही.

आधी त्या दोन भोकांबद्दल. मायनरचं हे ए-सीरिज (मॉरिस-ऑस्टिनचं छोटं चार सिलिंडरी) इंजिन असेल तर नंबराची पट्टी ब्लॉकच्या उजव्या अंगाला, डायनॅमोच्या वरच्या सपाट जागेवर असते आणि ती दोन छोट्या रिव्हेटांवर बसवलेली असते. म्हणजे नंबर ब्लॉकच्या अंगात नसतोच, पट्टीवर असतो. ब्लॉक बोअर करायला (सिलिंडर आतून तासून मोठे करायला) गेला, रसायनाच्या हौदात धुतला गेला, रंगवला गेला, की पट्टी निघते आणि बऱ्याचदा परत लागत नाही. शिवाय बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, म्हणजे मॉरिस बनवणारी कंपनी) स्वतः 'गोल्ड सील' नावाने कारखान्यात दुरुस्त केलेली इंजिनं बदलून द्यायची. जुनं इंजिन द्यायचं, सोनेरी रंगाचं तयार इंजिन घ्यायचं. त्या काळात थकलेलं इंजिन उघडत बसण्यापेक्षा ही सोय कितीतरी मालकांनी घेतली. त्यामुळे पट्टी नाही म्हणून चोरीचा माल समजू नका, आणि भोकं जुनी दिसतात म्हणून इंजिन मूळचं आहे असंही धरू नका. बाजूच्या घड्यांमध्ये, डायनॅमोच्या ब्रॅकेटमागे चाकूच्या टोकाने रंग खरवडून पाहा. तळाशी सोनेरी थर निघाला तर निदान इतकं कळेल की हे इंजिन एकदा बदलून आलेलं आहे.

पट्टी सापडली असती तर काम सोपं होतं. १९५७ च्या सुमारापासून बीएमसीने नंबराच्या सुरुवातीलाच इंजिनाची जात लिहायला सुरुवात केली. ९ म्हणजे ९४८ सीसी, १० म्हणजे १०९८, १२ म्हणजे १२७५, १८ म्हणजे बी-सीरिजचं १७९८. पुढे एम आला की मॉरिस, आणि नंतरच्या भागात एच किंवा एल, म्हणजे कॉम्प्रेशन जास्त की कमी. जुन्या मालकाच्या कागदांत, सर्व्हिसच्या वहीत किंवा विम्याच्या पावतीवर असा नंबर लिहिलेला सापडतो का बघा. सापडला तरी तो पुरावा मानायचा नाही, कारण पावतीनंतरही इंजिन बदललेलं असू शकतं.

आता धुलाई. हे काम कंटाळवाणं आहे, पण निम्मी ओळख इथेच पटते. रॉकेल, ताठ ब्रश आणि भरपूर चिंध्या घ्या. ब्लॉकची दोन्ही अंगं, बेलहाउसिंगची (क्लचवरच्या कवचाची) कड आणि हेडचा (ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाचा) माथा बीड दिसेपर्यंत साफ करा. मग टॉर्च समोरून न मारता ब्लॉकला जवळजवळ टेकवून आडवा मारा. समोरून मारलेल्या उजेडात अक्षरं बुजतात, आडव्या उजेडात त्यांची सावली पडते.

दोन प्रकारचे आकडे दिसतील आणि त्यांची गल्लत करायची नाही. उठावाचे आकडे साच्यातून आलेले असतात. ते ओतकामाचे नंबर, म्हणजे हा साचा कोणता हे सांगतात, हे इंजिन कोणाचं ते नाही. एकाच साच्यातले ब्लॉक वेगवेगळ्या बोअरला तासून किंवा वेगळी क्रँक घालून वेगवेगळ्या क्षमतेची इंजिनं म्हणून बाहेर पडू शकतात. खोल गेलेले आकडे पंचाने ठोकलेले असतात, ते नंतर कोणीतरी मारलेत. कारखान्याने मारलेले असतील, दुरुस्ती करणाऱ्याने किंवा गेल्या वर्षी दलालानेही. उठावाचा आकडा खोटा करणं फार अवघड, ठोकलेला आकडा खोटा करायला हातोडी पुरते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी साचा, मग माप, आणि सगळ्यात शेवटी ठोकलेला नंबर.

रॉकरचं झाकण काढलंत की हेडच्या माथ्यावरही उठावाचा नंबर दिसेल. १२जी२०२ असेल तर ते १०९८ चं साधं हेड, १२जी२९५ असेल तर त्याच घराण्यातलं जास्त दमाचं, आणि १२जी९४० म्हणजे १२७५ चं मोठ्या व्हॉल्व्हचं हेड. बहुधा तुमच्या मेकॅनिकने हाच नंबर वाचून १०९८ म्हटलं असावं. पण हेडवरून फक्त हेड ओळखता येतं. ए-सीरिजची हेडं लोक आजही सर्रास एका ब्लॉकवरून काढून दुसऱ्यावर बसवतात, कारण दम वाढवायचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. १२जी९४० दिसलंच तर एक काळजी घ्या. ते लहान बोअरच्या ब्लॉकवर बसवलेलं असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकच्या कडेला आपटू नयेत म्हणून ब्लॉकमध्ये खाचा केलेल्या असाव्या लागतात. हेड उघडल्यावर त्या आहेत का ते आधी बघा.

हे ए-सीरिजच आहे ना, याचीही खात्री करून घ्या. ड्रायव्हरच्या जागेवर बसून पुढे पाहताना मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटर डाव्या हाताला, प्लग, डिस्ट्रिब्युटर आणि डायनॅमो उजव्या हाताला. हेडमध्ये एका अंगालाच पाच पोर्ट, तीन एक्झॉस्टचे आणि दोन इनलेटचे, कारण शेजारचे सिलिंडर पोर्ट वाटून घेतात. एवढं जुळलं तर घराणं बीएमसीचं. बी-सीरिजचीही मांडणी अशीच असते, पण ते इंजिन अंगाने बरंच मोठं आणि जड असतं. मायनरमध्ये ते बसवायचं तर कापाकापी करावीच लागते आणि ती लपत नाही. इंजिनाची फाउंडेशन (इंजिन ज्यांवर टेकतं ते आधार) मूळ जागी, मूळ ब्रॅकेटवर असतील आणि कुठे वेल्डिंगचे डाग नसतील तर तुमच्याकडे ए-सीरिजच आहे असं धरून पुढे जा.

मायनरच्या संदर्भात चार शक्यता उरतात. बोअर म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची तळापासून माथ्यापर्यंतची धाव. ८०३ सीसी: बोअर ५८ मिमी, स्ट्रोक ७६.२. ९४८ सीसी: बोअर ६२.९४, स्ट्रोक तोच ७६.२. १०९८ सीसी: बोअर ६४.५८, स्ट्रोक ८३.७२. आणि कोणी हौशीने बसवलेलं १२७५: बोअर ७०.६१, स्ट्रोक ८१.२८. मायनरला कारखान्यातून ९४८ मिळालं १९५६ मध्ये, अखंड काचेच्या मायनर १००० सोबत, आणि १०९८ मिळालं १९६२ मध्ये. म्हणजे तुमच्या गाडीत ८०३ सोडून दुसरं काहीही निघालं तर ते नक्की नंतर बसवलेलं.

रिंगा बदलायच्या म्हणजे हेड उघडणारच आहात, मग व्हर्नियरने मोजता येईलच. पण हेड उघडायच्या आधी पॅकिंग हाताशी हवं आणि त्यासाठी आधी इंजिन कळायला हवं. प्लगच्या भोकातून तार घालून स्ट्रोक मोजायचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. ए-सीरिजमध्ये प्लग बाजूने तिरका बसतो, त्यामुळे तार पिस्टनवर तिरकी टेकते आणि आकडा भरवशाचा येत नाही. इथे मी पाण्याची पद्धत वापरतो. बादली, मापाची खुणा केलेली बरणी, रबरी नळी आणि एक जुना प्लग, एवढंच लागतं.

जुन्या प्लगचं चिनीमातीचं अंग फोडून काढा आणि नुसत्या लोखंडी कवचात नळी पक्की बसवा, हवा सुटता कामा नये. चारही प्लग काढा. पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा ठेवून हँडलने इंजिन फिरवा, अंगठा ढकलला गेला की तो कॉम्प्रेशनचा फेरा. आपल्याला हा फेरा अगदी तळापासून हवा आहे. पहिला पिस्टन तळाला असतो तेव्हा दुसरा माथ्यावर असतो, म्हणून दुसऱ्याच्या भोकात प्लास्टिकची नळी घालून तो माथ्याला कधी पोचतो ते बघा. चार-दोन अंश इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही, टोकाशी पिस्टन जवळजवळ थांबलेलाच असतो.

अडचण एकच, पिस्टन तळाशी असताना इनलेट व्हॉल्व्ह अजून पूर्ण मिटलेला नसतो. म्हणून पहिल्या सिलिंडरच्या इनलेटचा टॅपेट स्क्रू (व्हॉल्व्हची फट ठरवणारा) चार-पाच फेरे ढिला करा आणि पुशरॉड बोटांनी सहज फिरतो याची खात्री करा. रॉकर शाफ्ट उतरवायच्या भानगडीत पडू नका. त्याच्या खांबांवरचे मोठे नट हेच हेडचेही नट आहेत, ते सोडलेत की हेडचा दाब जातो आणि चांगलं पॅकिंग फुकट बसतं.

आता सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा. रिंगा झिजलेल्या आहेत, थोडा वेळ तरी त्यांना ते सील करेल. प्लगचं कवच घट्ट बसवा. बरणी पाण्याने काठोकाठ भरून बादलीत उपडी धरा आणि नळीचं तोंड तिच्याखाली द्या. मग हँडल एका दमात, न थांबता, पिस्टन माथ्यावर येईपर्यंत फिरवा. सिलिंडरमधली हवा बरणीत जाईल आणि तेवढं पाणी खाली उतरेल. वाचायच्या आधी बरणी वरखाली करून आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची पातळी एक करा, नाहीतर बरणीतली हवा ताणलेली राहते आणि आकडा फुगतो. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. माथा ओलांडून हँडल पुढे गेलं तर पिस्टन खाली येताना पाणी सिलिंडरमध्ये ओढेल. म्हणून माथा आला की आधी नळी पाण्याबाहेर काढायची आणि मगच हँडलला हात लावायचा.

पाच वेळा मोजा. रिंगांमधून हवा सुटली तर आकडा कमीच येतो, वाढत कधीच नाही, त्यामुळे पातळी नीट जुळवलेली असेल तर सगळ्यात मोठा आकडा खऱ्याच्या सर्वांत जवळचा. हा एका सिलिंडरचा आकडा, मिलिलिटरमध्ये; चारने गुणला की इंजिनाची क्षमता. २०१ च्या आसपास आला तर ८०३ सीसी. २३७ आला तर ९४८. २७४ आला तर १०९८. ३१८ किंवा वर गेला तर १२७५. जुना ब्लॉक बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घातलेले असतील तरी हे गट एकमेकांत मिसळत नाहीत. ०.०६० इंचापर्यंत वाढवलेलं ८०३ फार तर २१२ पर्यंत जाईल आणि तसंच ९४८ हे २४९ पर्यंत. पाचही आकडे एकमेकांपासून दूर आले तर तो सिलिंडर फार गळतोय, मग चौथ्यावर करून बघा. काम झाल्यावर टॅपेट परत ०.०१२ इंचावर, थंड इंजिनात, लावायला विसरू नका.

बोअरवर एकट्यावर का विसंबायचं नाही ते आता सांगतो, कारण माझ्या माहितीतले बरेच लोक याच ठिकाणी फसलेत. ९४८ चा मूळ बोअर ६२.९४. तो ०.०६० इंच वाढवला की होतो ६४.४६. आणि १०९८ चा कोरा बोअर आहे ६४.५८. फरक केसाएवढा, ०.१२ मिमी. हेड उघडून घाईघाईत व्हर्नियर लावला तर माणूस बेलाशक १०९८ म्हणेल आणि त्याचे पिस्टन मागवेल. पण स्ट्रोकमध्ये साडेसात मिलिमीटरचा फरक आहे आणि स्ट्रोक क्रँकमधून येतो, बोअरिंगच्या मशीनमधून नाही. ब्लॉक किती वेळा बोअर झाला तरी स्ट्रोक हलत नाही. म्हणून हेड उघडल्यावर पिस्टन माथ्यावर आणि मग तळाला आणून व्हर्नियरच्या खोलीच्या पट्टीने स्ट्रोक आधी मोजा. बोअर मोजायचा तो बोअरच्या अगदी तळाशी, जिथे रिंगा पोचत नाहीत. वर कडा झिजलेल्या असतात आणि तिथला आकडा तुम्हाला भलतं सांगतो. पिस्टनच्या माथ्यावरची काजळी रॉकेलने भिजवून लाकडाच्या फळीने काढा, पात्याने खरवडू नका. तिथे +०२० किंवा +०४० (इंचाचे हजारावे भाग) असं ठोकलेलं सापडलं तर रिंगांचं माप तुमच्या हातात आलं.

गिअरबॉक्सकडेही एक नजर टाका. १०९८ सोबत आलेल्या बॉक्सच्या अंगावर उभ्याआडव्या उठावाच्या पट्ट्या असतात आणि क्लच ७¼ इंची असतो. आधीच्या इंजिनांसोबतचा बॉक्स अंगाने गुळगुळीत आणि क्लच ६¼ इंची. इंजिन आणि बॉक्स वेगवेगळ्या वेळी बदललेले असू शकतात, त्यामुळे ही दुय्यम साक्ष. मागच्या डिफरन्शियलचं प्रमाणही तपासा. तुमच्या सालाच्या गाडीत ते पाचाच्या वर होतं, ९४८ साठी ४.५५ आणि १०९८ साठी ४.२२. जुनंच डिफरन्शियल आणि नवं मोठं इंजिन असेल तर गाडी चढाला जोरदार निघते, पण मोकळ्या रस्त्यावर इंजिन विनाकारण गरगरत राहतं. अशा इंजिनाच्या रिंगा लवकर गेल्या तर नवल नाही.

चेंबर उतरवणार असाल तर आणखी एक पुरावा फुकट मिळतो. एका कनेक्टिंग रॉडची टोपी सोडा आणि बेअरिंगच्या पाठीवर बघा. तिथे बनवणाऱ्याची खूण, भागाचा नंबर आणि ०१०, ०२० असं माप ठोकलेलं असतं. तो नंबर जुन्या कॅटलॉगमध्ये शोधला की ते बेअरिंग कोणकोणत्या इंजिनांना चालायचं ते कळतं. क्रँकपिनला व्हर्नियर लावा. ८०३ चा पिन १ ७/१६ इंच, म्हणजे साडेछत्तीस मिमी. ९४८ आणि १०९८ चा १ ५/८ इंच, एक्केचाळीस मिमीच्या वर. ग्राइंडिंगने एवढा फरक कधीच पुसला जात नाही.

हीच रीत दुसऱ्या गाड्यांनाही लागू पडते, फक्त कुठे बघायचं ते बदलतं. १९३२ ते १९४८ च्या फोर्ड साइड-व्हॉल्व्ह व्ही-८ मध्ये नंबर चॅसिसवर आणि क्लच-गिअरबॉक्सच्या कवचावर ठोकलेला असायचा. ब्लॉकवर कारखान्याने नंबर मारलेलाच नसायचा, तरी लोक तो कोरा ब्लॉक बघून बदललेलं इंजिन म्हणतात. तिथे हेडचे स्टड मोजायचे: एका हेडला २१ असतील तर सुरुवातीच्या वर्षांचं, २४ असतील तर १९३८ च्या पुढचं. शेव्हरोलेच्या सरळ सहा सिलिंडरमध्ये मी आधी रॉकरचं झाकण बघतो. माथ्यावर मधोमध दोन नट असले तर ते जुन्या घडणीचं, कडेला चार स्क्रू असले तर १९५४ नंतरचं २३५ (घनइंचांतली क्षमता). जुन्या २१६ मध्ये बेअरिंगचा मिश्रधातू जागेवर ओतलेला असतो आणि रॉडला ऑइल उडवून दिलं जातं, नव्यात बदलता येणारी बेअरिंगं आणि दाबाचं ऑइल असतं. दोघांची दुरुस्ती अगदी वेगळी, त्यामुळे ही ओळख चुकली तर सगळंच चुकतं. शेव्हरोलेवर ओतल्याची तारीखही मिळते. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर, पुढे दिवस आणि सालाचा एकच आकडा. के १७ ३ म्हणजे १७ नोव्हेंबर, पण १९५३ की १९६३ ते बाकीच्या खुणांवरून ठरवावं लागतं. त्यांच्या नंतरच्या व्ही-८ मध्ये नंबराची जागा हेड बसतं त्याच पातळीत असते. ब्लॉकचा माथा सरळ करायला मशीनवर चढवला की नंबरही तासला जातो, त्यात कोणाची लबाडी असेलच असं नाही.

शेवटी त्या रिकाम्या जागेचं. कोणी तुम्हाला जुन्या नंबराची पट्टी करून तिथे रिव्हेट मारून देतो म्हणाला तर स्पष्ट नकार द्या. मोजमाप, फोटो आणि ओतकामाचे नंबर एका कागदावर लिहून नोंदणी कार्यालयात विचारा, बिननंबरी इंजिनाची नोंद कशी करायची याची रीत ते सांगतील. एकदा खोटी पट्टी लागली की पुढच्या मालकाला ती खरी वाटेल आणि तो तिच्यावरून बेअरिंगं मागवेल.

तर आधी धुलाई, मग पाण्याची बरणी. पाचही आकडे, हेडवरचा नंबर आणि गिअरबॉक्सचा फोटो मला पाठवा. आकडा २३७ ते २४९ मध्ये आला तर ९४८ चा पॅकिंग संच मागवा, रिंगा मात्र पिस्टनच्या माथ्यावरचं माप वाचल्यानंतरच.